लिफ्ट केलेल्या जिप्सीचं चाक पुन्हा पुन्हा हवेत का लटकतं?

तक्रार ठरलेली असते. जिप्सी दोन-तीन इंच उचलून घेतली, मोठे टायर चढवले, गाडी दिसायला दणदणीत झाली. पण इंदूरजवळ सिमरोलच्या पुढे चोरल नदीच्या पात्रातल्या खडकांवर उतरली, किंवा पाऊस उलटल्यावर जानापावकडच्या वाळलेल्या चाकोऱ्यांत शिरली, की मागचं एक चाक वर जातं, गरगर फिरतं आणि गाडी जागच्या जागी. माळव्याची काळी माती वाळली की ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीची कड विटेसारखी टणक होते. ती दबत नाही, गाडीलाच वळावं लागतं. मग शॉकअप बदलले जातात, लांब शॅकल लागतात, थोडे दिवस बरं वाटतं आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तेच.

पुढची आकडेमोड मारुती जिप्सी धरून केली आहे, कारण पुढे-मागे दोन्हीकडे कमानी असलेल्या गाड्यांत इंदूरकडे तीच जास्त दिसते. चारही कोपऱ्यांत कमानी असलेल्या जुन्या महिंद्रा जीपला तत्त्व तेच लागू पडतं. पुण्या-मुंबईकडे ज्याला पाटे (लीफ स्प्रिंग) म्हणतात त्याला इथल्या गॅरेजात कमानी म्हणतात आणि कमानीतल्या एकेका पातीला पट्टा. इथे तेच शब्द वापरले आहेत. कमानीचं एक टोक चेसिसला थेट जोडलेलं असतं, दुसरं शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर; तिथल्या बोल्टभोवतीचं रबरी अस्तर म्हणजे बुश.

लिफ्टने जमिनीपासूनचं अंतर वाढतं. चाकाची वर-खाली चाल वाढेलच असं नाही, उलट बहुतेक वेळा ती घटते. जास्त पट्टे म्हणजे जास्त कडक कमानी. कमान, म्हणजे पट्ट्यांचा बाक, जास्त चढवली की शॅकल आत ओढला जातो. अॅक्सल खाली गेला आणि शॉकअप मूळचाच राहिला तर उभ्या गाडीतच तो जवळपास पूर्ण उघडलेला असतो, चाकाला आणखी खाली जायला जागाच नाही. म्हणून कुठलाही पार्ट विकत घेण्याआधी चाल नेमकी कुठे अडते ते मोजून काढायचं. अडथळे एकामागे एक लपलेले असतात. पहिला काढल्याशिवाय दुसरा दिसत नाही, आणि दुसऱ्यावर पैसे घालून पहिला तसाच ठेवला तर फरक शून्य.

मागचं चाक उचललं म्हणजे मागची कमानी दोषी, हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. गाडी तिरकी अडकते तेव्हा चेसिसवर जो पीळ बसतो तो पुढच्या आणि मागच्या अॅक्सलवर सारखाच असतो. तेवढ्याच पिळाने जो अॅक्सल हलका, त्याचं चाक आधी सुटतं. रिकाम्या जिप्सीत इंजिन पुढे आणि मागे पत्र्याचा डबा. म्हणजे पुढची कमानी लाकडासारखी कडक असली तरी हवेत मागचंच चाक जाणार. लोक मागची कमानी मऊ करत राहतात आणि पुढची तशीच आखडलेली राहते.

मोजमाप असं करा. सपाट फरशी किंवा काँक्रीट, टायरमध्ये नेहमीची हवा, गाडीत नेहमीचं सामान. चारही चाकांच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. आता पुढच्या डाव्या चाकाखाली ५० मिमी जाडीचे लाकडी ठोकळे एकेक वाढवत जा. टायरपेक्षा रुंद ठोकळे घ्या आणि दुसऱ्या चाकांना अटकण लावा. मागच्या डाव्या टायरखालून जाड पुठ्ठा हाताने सरकायला लागला की थांबा. चारही अंतरं पुन्हा मोजा. समजा पुढे डावीकडे अंतर २५ मिमी कमी झालं आणि उजवीकडे २० मिमी वाढलं, म्हणजे पुढच्या अॅक्सलचा वाटा एकूण ४५. मागे तोच आकडा ११० आला, तर गुन्हेगार पुढे बसला आहे. हीच मापं उजव्या बाजूनेही घ्या. दोन्ही बाजूंत मोठा फरक निघाला तर एका बाजूचा शॅकल किंवा बुश जाम आहे.

गाडी-गाडीची तुलना करायची असेल तर २० अंशांचा उतार वापरतात. एक पुढचं चाक त्यावर चढवायचं, कुठलंही चाक सुटेपर्यंत उतारावर कापलेलं अंतर मोजायचं, त्याला व्हीलबेसने भागून १००० ने गुणायचं. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी. उतारावर १००० मिमी चढली तर आकडा ४२१, आणि ते चाक साधारण ३४० मिमी उंच गेलेलं असतं. हा आकडा मिरवायला ठीक आहे, पण दोष शोधायला चार कोपऱ्यांची टेपची मापंच कामाची.

मग तीच चाचणी टप्प्याटप्प्याने परत करा. आधी स्टॅबिलायझर बारच्या लिंक सोडून. नंतर चारही शॉकअपची खालची टोकं सोडून. या अवस्थेत गाडी चालवायची नाही, फक्त ठोकळ्यांवर चढवायची, आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना यावर एका माणसाने सतत नजर ठेवायची. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो, तिथे अडथळा. कुठेच हलला नाही तर बुश, शॅकल आणि कमानी स्वतः.

स्टॅबिलायझर आणि शॉकअप

स्टॅबिलायझर बारचं कामच मुळी एका अॅक्सलची दोन चाकं उलट दिशेला जाऊ न देणं आहे. रस्त्यावर तो हवा, खडकात नको. लिंकच्या खालच्या टोकाला सहज निघणारी पिन बसवली की काम झालं. सोडलेला बार लटकून टायरला किंवा होजला घासणार नाही असा वर बांधा, आणि डांबरी रस्त्यावर यायच्या आधी परत जोडा.

शॉकअपची लांबी दुकानदाराच्या 'दोन इंच लिफ्टवाला द्या' या हिशोबाने ठरत नाही. शॉकअप काढलेला असताना वरच्या आणि खालच्या माउंटिंगमधलं अंतर दोनदा मोजा: एकदा बंप स्टॉप (वर येणाऱ्या अॅक्सलला शेवटी अडवणारा रबरी ठोकळा) दाबला गेलेला असताना, एकदा चाक पूर्ण लटकलेलं असताना. नव्या शॉकअपची मिटलेली लांबी पहिल्या मापापेक्षा किमान १५ मिमी कमी हवी आणि उघडलेली लांबी दुसऱ्यापेक्षा २०–२५ मिमी जास्त. दोन्ही जमत नसेल तर माउंटिंग हलवा. लांब शॉकअप तसाच बसवून मिटताना तळाला आपटू दिला, तर एका मोसमात त्याचं तेल बाहेर येतं नाहीतर चेसिसवरचा ब्रॅकेट फाटतो. जागेसाठी शॉकअप फार आडवा करू नका; ४५ अंशांवर त्याचा परिणाम उभ्याच्या निम्मा उरतो आणि गाडी रस्त्यावर डुलते.

परत परत आखडण्याचं खरं कारण

एकदा मोकळी झालेली गाडी पुन्हा आखडते ती बहुतेक वेळा बुश आणि शॅकलपाशी, आणि त्यामागे गॅरेजमधली एक सवय असते: गाडी जॅकवर, चाकं लटकलेली, आणि त्याच अवस्थेत शॅकलचे नट इम्पॅक्ट गनने आवळून मोकळे. रबरी बुश बोल्टभोवती फिरत नाही, तो पिळला जातो. लटकलेल्या स्थितीत आवळला तर गाडी जमिनीवर येताच बुश आधीच पिळलेला असतो. चाल उलट्या दिशेला ओढली जाते, रबर महिन्या-दोन महिन्यांत फाटतं, मग बुशची आतली नळी बोल्टवर घासून गंजते आणि जाम होते. हे नट आणि कमानीच्या स्थिर टोकाचा नट आधी नुसते टेकवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा बंपर दाबून हलवायची आणि तेव्हाच मॅन्युअलच्या टॉर्कने आवळायचे. फुकटातली दुरुस्ती आहे, आणि निम्म्या गाड्यांना तेवढीच पुरते.

बुश गेला आहे की नाही ते पाहायला शॅकलचा एक बोल्ट काढून शॅकल दुसऱ्या बोल्टवर हाताने हलवून बघा. पान्याचा जोर लावावा लागला तर त्या दुसऱ्या बोल्टला गंज आहे. तोही बाहेर काढून त्यावर चर पडले असतील तर नवाच घाला, पॉलिश पेपरने घासून परत लावण्यात अर्थ नाही. पीयू बुश टिकाऊ म्हणून विकले जातात आणि टिकतातही, पण ते पीळ सहन करत नाहीत. अॅक्सल तिरका होताना कमानीचा डोळा थोडा कलतो, तिथे कडक पीयू अडतो. खडकात फिरणाऱ्या गाडीला चांगलं रबर बरं. पीयू घालायचेच असतील तर ग्रीसच्या खाचा असलेले घ्या आणि सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबरापाशी वापरू नका, ते रबर फुगवतं.

आता शॅकलचा कोन. कमानी दबते तेव्हा सपाट होऊन लांब होते, आणि शॅकलचं खालचं टोक अॅक्सलपासून दूर जातं. चाक लटकतं तेव्हा ते आत, अॅक्सलकडे येतं. गाडी सपाट उभी असताना खालचं टोक अॅक्सलपासून दूर, उभ्या रेषेपासून १० ते २५ अंश झुकलेलं असेल तर दोन्हीकडे चाल मिळते. उभ्या गाडीतच ते आत झुकलेलं असेल तर प्रत्येक खड्ड्यात शॅकलला आधी उभा व्हावा लागतो, म्हणजे तो चेसिसला वर ढकलतो. गाडी धक्के देते आणि कमानी वळतच नाही. कमान जास्त चढवलेल्या गाड्यांचं हे हमखास दुखणं. लटकताना शॅकल मुख्य पट्ट्याला किंवा चेसिसला टेकतोय का तेही पाहा. टेकण्याची चमकदार खूण रंगावर लगेच दिसते.

लांब शॅकल हा यावरचा लोकप्रिय उपाय, आणि मर्यादेत ठीकही. ५० मिमी लांब शॅकलने अॅक्सलपाशी उंची २५ मिमीच वाढते, कारण कमानीचं एकच टोक खाली येतं. जिप्सीत पुढचे शॅकल कमानीच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की अॅक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) घटतो. ९०० मिमी लांबीच्या कमानीवर ५० मिमी म्हणजे जवळपास ३ अंश. मग स्टेअरिंग आपोआप सरळ परत येत नाही, आणि बायपासवर वेग धरला की चाकं भिरभिरतात. उपाय कमानी आणि अॅक्सलच्या मध्ये बसणाऱ्या स्टीलच्या वेजचा, म्हणजे पाचरीचा. कमानी अॅक्सलच्या खाली असलेल्या मूळ रचनेत वेजची जाड बाजू बंपरकडे. पण त्याच वेजने पुढचा पिनियन (अॅक्सलचं शाफ्टला जोडलेलं तोंड) खाली झुकतो आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. म्हणून ३ अंशांपेक्षा जाड वेज लागत असेल तर शॅकल लहान करणं शहाणपणाचं. अॅल्युमिनियमची वेज चिरडते, घेऊ नका. दोन शॅकल-पट्ट्यांमध्ये आडवा तुकडा वेल्ड केलेला हवा, नाहीतर लांब शॅकल कडेने कलंडतात.

कमानी

देवास नाक्याकडे ट्रकच्या कमान्या बांधणाऱ्याकडे जिप्सी नेली की उत्तर तयार असतं: 'भिया, एक पट्टा और डाल देते हैं.' गाडी उचलली जाते, पण पट्ट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो हे त्या वाक्यात नसतं. ६ मिमीच्या जागी त्याच रुंदीचा ७ मिमी पट्टा सुमारे ५९ टक्के जास्त कडक, ८ मिमीचा जवळपास २.४ पट. शिवाय जाड पट्ट्यावर तेवढ्याच वाकण्याला ताण जास्त येतो, म्हणून तो आधी तुटतो. उलट लांबी १० टक्के वाढली तर कडकपणा पाव हिश्शाने उतरतो. वजन पेलायचं आणि वळायचंही असेल तर पातळ पट्टे जास्त संख्येने, आणि लांबीच्या पायऱ्या दोन्ही टोकांना सारख्या उतरत्या.

आधी तळाचा जाड, जवळपास सपाट पट्टा बघा. बरेचदा तो जादा ओझ्यासाठीच घातलेला असतो. तो काढून त्याजागी ६ मिमीचे दोन पातळ पट्टे दिले तर उंची बऱ्यापैकी राहते आणि चाल मोकळी होते. मुख्य पट्टा आणि त्याच्या डोळ्याला वेढा देणारा दुसरा पट्टा यांना हात लावू नका. मुख्य पट्टा तुटला तर अॅक्सलला धरून ठेवणारा तोच दुसरा. कमान चढवायची असेल तर थंड स्थितीत, प्रेसवर. गॅसने लाल करून ठोकलेल्या पट्ट्याचं पाणी उतरतं आणि चार ट्रिपांत तो बसतो. मग 'कमानी कमजोर आहे' म्हणून आणखी एक पट्टा.

कमानी सोडताना सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना मजबूत क्लॅम्प लावा, बोल्ट काढा, मग दोन्ही क्लॅम्प आळीपाळीने सैल करा. दाबलेली कमानी उसळते, आपलं तोंड तिच्या वर आणून काम करू नका. पट्टे वेगळे झाले की वायर ब्रशने गंज काढा. प्रत्येक पट्ट्याचं टोक वरच्या पट्ट्यात रुतून खड्डा पाडतं. तो खड्डा म्हणजे पायरी, आणि त्या पायरीत पट्टा अडकतो. ग्राइंडरने टोकांच्या धारा गोल करा, खड्डा उथळ असेल तर गुळगुळीत करा, खोल असेल तर पट्टा बदला, तो तिथूनच तुटणार. टोकांखाली ३ मिमी नायलॉनचे तुकडे बसवले तर घर्षण चांगलंच घटतं. नाहीतर ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात. जाड थर नको. आपल्याकडची मुरूम-धूळ त्यात बसून पॉलिश पेपर तयार होतो.

पट्टे एकत्र धरणाऱ्या क्लिपांकडे कुणी बघत नाही. त्या ठोकून घट्ट केलेल्या असतील तर पट्टे एकमेकांवर सरकत नाहीत आणि सगळी कमानी एकच जाड पट्टी असल्यासारखी वागते. क्लिपचा बोल्ट आणि वरचा पट्टा यात २–३ मिमी फट ठेवा, बोल्टवर नळीचा तुकडा घाला म्हणजे क्लिप आवळून मिटत नाही. क्लिपा पूर्ण काढून टाकू नका. चाक लटकताना मग सगळं ओझं एकट्या मुख्य पट्ट्यावर येतं.

कमानी अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट एकदा ताणलेले परत वापरायचे नाहीत. नवे बसवल्यावर १०० किमीला आणि पुन्हा ५०० किमीला आवळायचे. सैल यू-बोल्टने सेंटर बोल्ट कातरला जातो आणि अॅक्सल मागे-पुढे सरकतो. शंका आली तर दोन्ही बाजूंचा व्हीलबेस टेपने मोजून बघा.

चाल वाढली की जे तुटतं

कमानी मोकळी झाल्यावर पुढचे अडथळे पुढे येतात, आणि ते अडथळे नसून नुकसान असतं. ब्रेक होज: चाक पूर्ण लटकलेलं आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवलेलं असताना होजला किमान २५ मिमी ढील हवी. नसेल तर लांब होज लावा. धातूची नळी ओढून वाकवू नका. अॅक्सलच्या ब्रीदर पाइपचंही तेच. प्रॉपेलर शाफ्ट: अॅक्सल पूर्ण खाली असताना सरकत्या जोडाच्या दातांची किमान ३० मिमी पकड उरली पाहिजे, आणि पूर्ण वर असताना १५ मिमी मोकळी जागा. गाडी स्टँडवर, चाकं लटकलेली, गिअर न्यूट्रल, आणि शाफ्ट हाताने पूर्ण फिरवा. कुठे टक्क अडला तर क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या जोडाचा) योक घासतो आहे. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अॅक्सलला जोर वाटणारा गिअरचा डबा) वेगळा, मध्यात बसलेला असल्याने गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केस असा तिसरा छोटा शाफ्टही असतो. लिफ्टनंतर कोन कमी करायला ट्रान्सफर केस खाली उतरवला असेल तर तोही तपासा.

बंप स्टॉप लिफ्टएवढा खाली आणलेला नसेल तर मऊ कमानी उलटी वाकते आणि मुख्य पट्टा डोळ्यापाशी तुटतो. ठोकळ्यावरच्या चाचणीतच बघा: टायर मडगार्डला लागायच्या आधी आणि शॉकअप तळाला टेकायच्या आधी बंप स्टॉप लागला पाहिजे.

मऊ कमानीचा दुसरा खर्च म्हणजे अॅक्सलचा पीळ. लो रेंजमध्ये चढावर क्लच सोडला की मागे धडधड होते, कमानी इंग्रजी एस अक्षरासारखी वळते आणि क्रॉस तुटतात. कमानी अॅक्सलच्या वर घेतलेल्या गाड्यांत हे जास्तच. उपाय ट्रॅक्शन बार, म्हणजे अॅक्सलला पिळू न देणारा चेसिसपर्यंतचा दांडा, पण त्याचं चेसिसकडचं टोक शॅकलवर हवं. दोन्ही टोकं पक्की असलेला बार पीळ थांबवतो आणि वाढवलेली सगळी चालही.

मोठ्या बदलांच्या कागदांचा विचार आधी करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. बुश, नट, क्लिप आणि पट्ट्यांची साफसफाई हे मात्र निव्वळ देखभालीचं काम आहे, आणि चालही त्यातूनच सर्वांत स्वस्तात मिळते.

इतकं करूनही आखूड कमानीच्या गाडीचं चाक कधीतरी सुटणारच. मोकळा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, हवेतल्या चाकाला लागतो तेवढाच. तेव्हा थांबा, टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा (ट्यूबचे टायर असतील तर त्याखाली जाऊ नका, ट्यूब रिमवर फिरून नोझल तुटतं), लो रेंज पहिल्या गिअरमध्ये रेस स्थिर धरून डाव्या पायाने ब्रेक हलका दाबा. फिरणारं चाक अडलं की जमिनीवरच्या चाकाला जोर मिळतो आणि बहुतेक वेळा गाडी सरकते. परत आल्यावर हवा भरा, स्टॅबिलायझर जोडा, आणि पाण्यातून गेली असेल तर दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी शॅकलचे बोल्ट बघा.